बिनकुलपाची डबी

"माझा रिपोर्ट माझ्या हातात पडायच्या आधी शाळेत कसा पोचला?"

लॅबचं दार नुकतंच उघडलं होतं. बाकांवर उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं जांभया देत बसली होती. त्या जांभया अर्ध्यावरच राहिल्या.

काउंटरसमोर उभी असलेली बाई शिक्षिका होती. पुढच्या रस्त्यावरच्या खासगी शाळेत शिकवायची, अजून कायम झाली नव्हती. काल सकाळी रक्त देऊन गेली होती. कोपराच्या वाकणीत सुईचा निळा ठिपका अजून दिसत होता.

"शाळेत?" काउंटरवर बसलेली मालकीणबाईंची सून गोंधळली. "आम्ही कुणाला काही पाठवत—"

"आज शाळा भरायच्या आधीच मुख्याध्यापिकेनं बोलावलं. म्हणाल्या, अभिनंदन. मी विचारलं, कशाचं? तर म्हणाल्या, आता धावपळ करू नका, कायमच्या जागेचं पुढं बघू." शिक्षिकेचा आवाज चढला नाही. चढला असता तर ऐकणाऱ्यांना सोपं गेलं असतं. "मला मूल होणार आहे हे मला मुख्याध्यापिकेकडून कळलं. माझ्या नवऱ्याला अजून माहीत नाही. कुणी सांगितलं त्यांना?"

केबिनचं दार उघडलं आणि मोठ्या बाई बाहेर आल्या.

लॅब त्यांची. नवरा गेल्यावर लोक म्हणाले होते, चौथीत शाळा सुटलेली बाई काय लॅब चालवणार? त्यांनी चालवून दाखवली आणि म्हणणाऱ्यांचीच रक्तं तपासली. केबिनच्या काचेवर पडदा ओढलेला असला तरी बसल्या जागी त्यांना सगळं कळायचं. कोण काम करतंय, कोण टंगळमंगळ करतंय, बरोबर त्याच वेळी आतून हाक यायची. मोठ्या बाईंना पाठीलाही डोळे आहेत, असं लोक म्हणत. त्यांना ते फार आवडायचं. आणि सगळ्यात जास्त तोरा त्यांना एकाच गोष्टीचा होता, या दारातून कुणाची गोष्ट बाहेर जात नाही.

त्या तोऱ्याला आज भर बाकांसमोर कुणीतरी थप्पड मारली होती. मग दुसऱ्या कुणाला तरी ती बसायलाच हवी होती.

"तू उघडलास तो रिपोर्ट?" त्यांनी सुनेला विचारलं.

"नाही, आई."

"मग काय भिंतीनं वाचून दाखवला?"

"मी नाही उघडला."

"काउंटरवर कोण बसतं? डॉक्टर येतात संध्याकाळी. नाव आणि निकाल एका जागी बघणारं दुसरं आहे कोण इथं? जीभ आवरत नसेल तर दुसऱ्यांच्या घरातल्या गोष्टी हाताळाव्यात कशाला माणसानं?"

बाकांवरची माणसं जमिनीकडे बघू लागली. सुनेनं पावतीपुस्तक मिटलं.

"चौकशी करा," ती म्हणाली. "माझं नाव निघालं तर मी काउंटरही सोडते आणि घरही. नाही निघालं तर..." पुढचं तिनं गिळलं.

मोठ्या बाई शिक्षिकेकडे वळल्या. "शाळा सुटली की या. दार लावायच्या आत नाव सांगते. माझ्या घरातलं निघालं तरी सांगते."

शेवटचं वाक्य त्यांनी सुनेकडे बघत टाकलं होतं.

•

लॅबमधले जुने कॉम्प्युटर काढून मोठ्या बाईंच्या मुलानं गेल्या वर्षी डब्या बसवल्या होत्या. खरं नाव थिन क्लायंट, पण ते मुलाशिवाय कुणी उच्चारत नसे. पुस्तकाएवढी काळी डबी, स्क्रीनच्या पाठीला चिकटवलेली. तिच्या पोटात काही नसतं. सगळं काम आतल्या खोलीतल्या सर्व्हरवर चालतं, डबी म्हणजे नुसती खिडकी.

आणि प्रत्येक खिडकीला मुलानं माणूस बघून कुलूप घातलं होतं. तपासणी करणाऱ्याला नळीचा नंबर दिसणार, नाव दिसणार नाही. काउंटरला नाव आणि रिपोर्ट दिसणार, आकडे बदलता येणार नाहीत. पेन ड्राइव्ह कुठंच चालणार नाही. मागचं चित्र बदलायचं नाही, अक्षर लहानमोठं करायचं नाही. हात थांबला की थोड्या वेळानं स्क्रीन काळी, पुन्हा पासवर्ड टाका. त्यातूनही कुणी खेळ केलाच, तर डबी बंद करून चालू करायची. ती सगळं विसरते आणि पहिल्यासारखी कोरी होते.

ही विसरायची गंमत मोठ्या बाईंना कालच कळली होती. दुपारी वरच्या मजल्यावर जेवून, डोळा लावून त्या खाली आल्या, तर त्यांच्या स्क्रीनवरची अक्षरं मुंगीएवढी. मुलानं त्यांच्या डोळ्यांसाठी ती मुद्दाम भोपळ्याएवढी करून ठेवलेली. त्यांनी लॅब डोक्यावर घेतली. मुलगा हसत म्हणाला, "आई, बंद करून चालू कर." केली. भोपळे परत आले. "हिच्यापेक्षा तुझ्या बापाच्या जास्त लक्षात राहायचं," म्हणून त्या कामाला लागल्या होत्या.

आज मुलगा हसत नव्हता. सर्व्हरच्या खोलीत तो नोंदी बघत बसला होता.

"कधी उघडलाय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"काल दुपारच्या सुट्टीत."

"कुठून?"

"काउंटरच्या डबीवरून. तिच्याच लॉगिननं." बायकोचं नाव घ्यायचं त्यानं टाळलं.

"कागदावर काढला?"

"नाही. नुसता वाचलाय."

"पासवर्ड चोरून दुसऱ्या कुणी टाकला असेल?"

"सुट्टीभर पासवर्ड कुणी टाकलाच नाही. स्क्रीन मध्ये काळी झालीच नाही ना. म्हणजे कुणीतरी सारखं काम करत होतं." तो थांबला. "एक विचित्र आहे. रिपोर्ट नावानं शोधलाय."

"मग? नावानंच शोधणार ना?"

"ती कधीच नावानं शोधत नाही. पावतीवरचा नंबर टाकते. नावात चूक होते म्हणते."

"घाईत टाकलं असेल नाव." मोठ्या बाईंना ते ऐकायचं नव्हतं. "काउंटरच्या डबीला दुसऱ्या कुणाला हात लावता येतो?"

मुलगा सर्व्हरवरच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे बघत राहिला. "मी तर तुझ्याबरोबर वर जेवत होतो."

"तुझं कुठं विचारतेय मी? माझ्याच ताटासमोर बसून चावत होतास." आणि त्या निघाल्या. मुलानं प्रश्नाचं उत्तर दिलंच नव्हतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

•

तपासणी करणाऱ्याला सगळे नळीवाला म्हणत. एका हातात कायम काचेची नळी, दुसऱ्या हातात दुसरी.

"निकाल पहिल्यांदा तुला कळला," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मला नळीचा कळला, मोठ्या बाई. नळीला नवरा नसतो की शाळा नसते."

"नाव नाही दिसलं?"

"दादांनी झाकलंय ना. अहो, मागं माझ्याच बायकोचं रक्त मी तपासलं आणि साखर कुणाची वाढली म्हणून हळहळलो. घरी गेल्यावर कळलं, आपलीच." तो हसला आणि त्यांचा चेहरा बघून लगेच गप्प झाला.

"दुपारी कुठं होतास?"

"खानावळीत. मालकाला विचारा. उधारी मागायला तो मला कधी विसरत नाही."

"वहिनी कुठं होती?"

"मी निघालो तेव्हा काउंटरवर. पण मोठ्या बाई, वहिनी नाही हो करणार असलं काही."

"तुला विचारलं तेवढंच सांग."

मग सुनेला बोलावणं गेलं. ती केबिनमध्ये आली आणि उभीच राहिली.

"सुट्टीत काउंटरवर होतीस?"

"नव्हते."

"मग कुठं होतीस?"

सून दाराकडे बघू लागली.

"कुणाबरोबर होतीस?"

"ते मला सांगायचं नाही."

"लपवण्यासारखं काही असल्याशिवाय माणूस लपवत नाही."

"या घरात लपवल्याशिवाय काही आपलं राहत नाही, आई," सून म्हणाली आणि न विचारता बाहेर गेली.

मोठ्या बाईंना राग आला. पण नेहमीसारखा भडकून नाही आला, कुठंतरी अडकत आला.

•

दुपारी लेक आली. केबिनला गल्लीच्या बाजूनं वेगळं दार होतं. त्याची एक किल्ली मोठ्या बाईंच्या पर्समध्ये असे आणि दुसरी लेकीकडे. शाळेतून थकून आली तर तिनं घंटी वाजवत उभं राहू नये, म्हणून. लेकही त्याच शाळेत शिकवायची. तीही अजून कायम नव्हती.

"ये गं राणी. काय म्हणतात शाळेत?"

"काय म्हणणार? शिक्षकांच्या खोलीत दुसरा विषय नाही." लेक आईच्या खुर्चीत बसली, पाठीमागची उशी काढून तिनं खाली टाकली. सवयच तिची. "सगळे आपल्या लॅबचं नाव घेतायत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"तुझी वहिनी कबूल होत नाही."

"कशी होईल? तिला कुणाचं चांगलं झालेलं बघवतं का? आणि घाई तरी किती! अजून डॉक्टरांची सहीसुद्धा झाली नव्हती रिपोर्टवर, त्याआधी गावभर केलं."

"हो ना," मोठ्या बाई म्हणाल्या. "काल तू का नाही आलीस गं?"

"काल? काल वह्यांचा ढीग होता. शाळेतून हललेच नाही."

लेक गेली. मोठ्या बाईंनी वाकून उशी उचलली. कालही ती जमिनीवरच सापडली होती. त्यांनी मावशींवर ओरडून घेतलं होतं.

झाडलोट करणाऱ्या मावशी बाहेर फरशी पुसत होत्या. मोठ्या बाई काउंटरपाशी आल्या. कपाचा गोल डाग वाळून चिकटलेला.

"मावशी, हा डाग कालचा ना? पुसायला काय पालखी पाठवायची तुम्हाला?"

"काल पुसता आलं नाही." मावशींनी फडकं पिळलं. "काच काळी झाली की मी काउंटर पुसते. चालू असताना फडकं लागलं की काहीतरी दाबलं जातं. काल सुट्टीत ती काळी झालीच नाही. आत पानं सरकत होती भराभरा."

"वहिनी काम करत असेल."

"खुर्ची रिकामी होती की. वहिनी मागच्या जिन्यावर होत्या. माहेरच्या आईशी फोनवर बोलतात ना रोज सुट्टीत. घरात तुम्हाला ऐकू जातं म्हणून..." मावशींनी जीभ चावली.

मोठ्या बाईंनी ते शेवटचं ऐकलं नाही असं दाखवलं. ऐकलं मात्र पुरतं.

"खुर्ची रिकामी आणि पानं सरकत होती?"

"मला वाटलं, दादांनी काहीतरी लावून ठेवलंय. आतली मशीनं नाही का आपापली चालतात?"

मोठ्या बाई केबिनमध्ये गेल्या. खुर्चीत बसल्या. स्क्रीनकडे बघितलं. भोपळ्याएवढी अक्षरं त्यांच्याकडे बघत होती.

मग त्यांनी पायाशी, काल उशी पडली होती तिथं बघितलं.

त्यांनी मुलाला बोलावलं, दार लावून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. मुलानं मान खाली घालून एका वाक्यात उत्तर दिलं. बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

मोठ्या बाई आतच बसून राहिल्या. अजून कुणाला काही कळलेलं नव्हतं. नोंदीत सुनेचं नाव होतं. आपण तोंड उघडलं नाही तर ते नाव तसंच राहणार होतं. सून जाईल. मुलगा बोलणार नाही, त्याच्यात तेवढी हिंमत कुठली. लेक वाचेल. आणि पाठीला डोळे असलेल्या मोठ्या बाईही वाचतील. किती सोपं होतं! किती सोपं आहे हे आपल्याला किती पटकन कळलं, याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

त्यांनी लेकीला फोन केला. "संध्याकाळी ये. पुढच्या दारानं ये."

•

शेवटचा पेशंट गेला. शिक्षिका बाकावर बसली होती. नळीवाला आणि मावशी भिंतीला टेकून उभे होते. लेक घड्याळाकडे बघत होती. मुलगा कुणाकडेच बघत नव्हता.

"काउंटरवर बस," मोठ्या बाईंनी सुनेला सांगितलं. "काल दुपारसारखी स्क्रीन चालू ठेव. हात मांडीवर. कशालाही लावू नकोस. बाकीच्यांनी तिच्या मागं उभं राहा."

त्या केबिनमध्ये गेल्या. त्यांनी काचेवरचा पडदा ओढून घेतला.

काउंटरची स्क्रीन शांत होती. मग तिच्यावरचा बाण हलला. आधी थोडासा, चाचपडत. मग सरळ यादीकडे गेला. यादी उघडली. एक रिपोर्ट उघडला, पान खाली सरकलं, रिपोर्ट बंद झाला.

सुनेचे हात मांडीवर होते.

"अगं बाई," मावशी पुटपुटल्या. "असंच. काल अगदी असंच."

मोठ्या बाई बाहेर आल्या. बसल्या नाहीत.

"ऐका," त्या म्हणाल्या. "या लॅबमधल्या प्रत्येक डबीला कुलूप आहे. एकीला नाही. ती माझी. डब्या आल्या तेव्हा मी मुलाशी भांडले. मालकीण मी आणि मला कुलूप? म्हटलं, सगळ्यांच्या स्क्रीन मला इथं बसून दिसल्या पाहिजेत, आणि कुणाला कळता कामा नये. तो म्हणाला, असं बघायचं तर समोरच्याला विचारतं ते, हो की नाही. मी म्हटलं, काढून टाक ते विचारणं. त्यानं काढलं. माझ्या पाठीला डोळे नाहीत. ही डबी आहे."

सुनेनं मागं वळून नवऱ्याकडे बघितलं.

"मला वाटायचं, तिच्यातून नुसतं बघता येतं. आज विचारलं तेव्हा कळलं, हातही घालता येतो. समोरच्याचं काम आपण इथून करायचं आणि नोंद समोरच्याच्या नावावर. हा म्हणाला," त्यांनी मुलाकडे बघितलं, "आई, तू सगळं दे म्हणालीस. मी सगळं दिलं."

"म्हणजे काल सुट्टीत कुणीतरी तुमच्या केबिनमध्ये बसलं होतं," शिक्षिका म्हणाली.

"हो. ही जिन्यावर गेली. स्क्रीन काळी व्हायच्या आधीच आतून कुणीतरी बाण हलवायला लागलं, म्हणून पासवर्ड लागला नाही आणि काच काळी झाली नाही. त्या माणसाकडे पावती नव्हती, नंबर नव्हता. नाव होतं. म्हणजे ओळखीचं माणूस. माझी अक्षरं त्याला डोळ्यांत खुपली, म्हणून त्यानं ती लहान केली. बाकी कुठल्याही डबीवर ती लहान झालीच नसती. माझ्या डबीवर झाली, कारण तिला कुलूप नाही. मी खाली आले, अक्षरं मुंगीएवढी बघितली आणि डबी बंद करून चालू केली. पुरावा माझ्याच हातानं पुसून टाकला."

नळीवाल्यानं हळूच विचारलं, "पण केबिनला तर कुलूप असतं, मोठ्या बाई. किल्ली तुमच्याकडे."

"एक माझ्याकडे." त्या लेकीकडे वळल्या. "राणी, रिपोर्टवर डॉक्टरांची सही नव्हती हे तुला कुणी सांगितलं?"

लेकीची नजर केबिनकडे गेली.

"सही झाली काल संध्याकाळी. त्याआधी ज्यानं तो बघितला, त्यालाच 'सही बाकी' ही लाल पट्टी दिसली असणार. मुख्याध्यापिका तसं म्हणाल्या का?" त्यांनी शिक्षिकेला विचारलं.

"नाही. सहीचा विषयच निघाला नाही."

"मी अंदाजानं बोलले," लेक म्हणाली.

"आणि उशी? माझ्या खुर्चीतली उशी जमिनीवर टाकणारं या जगात एकच माणूस आहे. मी काल त्यासाठी मावशींना बोलले. ही डबी सगळं दाखवते, हे मी फक्त एका माणसाला दाखवलं होतं. फुशारकी मारत. बघ, तुझी वहिनी काय करते ते मला बसल्या जागी कळतं, म्हणून."

लेक रडायला लागली. आधी रागानं.

"काल ती हाताला कापूस लावून शाळेत आली," ती म्हणाली. "उशिरा आली आणि हसत होती. जागा एकच आहे, आई. एकच! ती सुट्टीवर जाणार, वर्षभर येणार नाही, आणि तरी जागा तिलाच, कारण मुलांना ती आवडते. मी खोटं नाही सांगितलं. जे होतं तेच सांगितलं. तूच म्हणायचीस ना, मागं राहू नकोस म्हणून?"

"म्हणायचे," मोठ्या बाई म्हणाल्या.

शिक्षिका उठली. लेकीसमोर जाऊन उभी राहिली. "तू माझ्या शेजारी बसतेस," ती म्हणाली. "डबा उघडून. विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. नवऱ्यानंतर लगेच तुलाच सांगितलं असतं."

लेकीचं रडणं त्या क्षणी बदललं. आता त्यात राग नव्हता.

"उद्या सकाळी ही मुख्याध्यापिकेला सांगेल, कसं कळलं ते," मोठ्या बाई म्हणाल्या. "मी शेजारी उभी राहीन."

"आई, माझी नोकरी जाईल!"

"जाऊ दे."

"त्यांना कळलंय ते न कळलेलं होईल का?" शिक्षिकेनं विचारलं.

"नाही, बाई. ते माझ्या हातात राहिलं नाही."

"माझ्या नवऱ्याला मी आज सांगणार. तो विचारेल, पहिल्यांदा कुणाला सांगितलंस? त्याला काय सांगू?"

मोठ्या बाईंनी रिपोर्टचं पाकीट पुढं केलं. शिक्षिका रिपोर्ट घेऊन निघून गेली.

सून अजून काउंटरवरच होती. हात मांडीवर.

"किती दिवसांपासून?" तिनं विचारलं. सासूला नाही, नवऱ्याला.

"डब्या आल्यापासून," तो म्हणाला.

"मी तुला विचारलं होतं. आईंना कसं कळतं सगळं? तू म्हणालास, अनुभव."

मोठ्या बाई मध्ये बोलल्या. "त्याला नको बोलूस. माझ्यापुढं कधी कुणाचं चाललंय?"

"तेच तर," सून म्हणाली.

"सकाळी तू बोलता बोलता थांबलीस. तुझं नाव निघालं नाही तर, काय?"

"तर ज्या बाकांसमोर मला बोललात, त्याच बाकांसमोर माफी मागा. एवढंच म्हणणार होते. तेव्हा वाटलं होतं, एवढंच पुरेल."

•

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं. उपाशीपोटी माणसं येऊन बसली. कालची माणसं नव्हती, पण बाकं तीच होती.

मोठ्या बाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "काल इथं मी माझ्या सुनेवर आळ घेतला," त्या म्हणाल्या. "तो खोटा होता. चूक माझ्या घरातली होती आणि तिला दार मीच उघडं ठेवलं होतं." अनोळखी माणसं एकमेकांकडे बघू लागली. कुणाला काही उमगलं नाही. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "रक्त कुठं देतात?" सुनेनं त्याला बोटानं खोली दाखवली.

मग त्या लेकीबरोबर शाळेत जाऊन आल्या. मुख्याध्यापिकेनं ऐकून घेतलं. म्हणाली, हिला कुठून कळलं हे विचारायला हवं होतं, मी विचारलंच नाही. शिक्षिकेची जागा पुन्हा विचारात घेऊ असं म्हणाली. लेकीला घरी पाठवलं. परत येताना लेकीनं गल्लीच्या दाराची किल्ली न बोलता आईच्या हातात ठेवली.

दुपारी मुलगा केबिनमध्ये डबीला कुलूप घालत होता. अक्षरांना सोडून सगळ्याला.

"आणि ते विचारतं ना, हो की नाही," मोठ्या बाई म्हणाल्या, "ते परत लाव."

"बघणंच काढून टाकू का, आई?"

त्यांनी विचार केला. "नको. राहू दे. विचारू दे मला."

तो गेल्यावर त्यांनी काचेवरचा पडदा बाजूला केला आणि आपल्या स्क्रीनवरच्या काउंटरच्या चौकोनावर बाण नेऊन दाबलं. काही बघायचं नव्हतं. चालतं की नाही, तेवढं बघायचं होतं. निदान मनाला तरी त्यांनी तसंच सांगितलं.

बाहेर सुनेच्या स्क्रीनवर पाटी आली. मोठ्या बाई तुमची स्क्रीन बघू इच्छितात. हो. नाही.

सुनेनं मान वर केली. काचेतून दोघींची नजरानजर झाली. मग तिनं बोट खाली आणलं.

केबिनमधल्या स्क्रीनवर दोन शब्द उमटले. परवानगी नाकारली.

अक्षरं भोपळ्याएवढी होती. मोठ्या बाईंना चष्मा लावायची गरज पडली नाही.